शिवयोगी सरांची वही

२० एप्रिल १९७६
ऑरगॅनिक केमिस्ट्री काही केल्या डोक्यात राहत नाही. सकाळी चाळीस रिॲक्शन्स घोकल्या, दुपारी अकरा आठवल्या. पुण्याची मेडिकलची प्रवेश परीक्षा सोळा मेला. मुलींना जागा थोड्या. आमच्या कॉलेजातून दोघीच बसतोय — मी आणि हेमावती.

२१ एप्रिल
शिवयोगी सरांनी बोलावून वही दिली. "अमाइनचा धडा वर्गात राहून गेला, पुस्तकातही नीट नाही. यात लिहिलाय. दोघी मिळून करा, शुक्रवारी परत द्या."
येताना इथल्या नवी पेठेत हेमावती भेटली. "सरांनी काय दिलं काय गं?"
"नाही." वही पिशवीतच होती. का बोलले असं? तिचा नंबर लागला तर माझी जागा जाईल, हेच मनात होतं.

२३ एप्रिल
वही उतरवून सरांना परत दिली. "हेमावतीचं झालं?" — "हो." हे खोटं आधीच्यापेक्षा सोपं गेलं. सर सुट्टीला मंगळवेढ्याला गेले. आता विचारणारं कोणी नाही.

२९ एप्रिल
वही तोंडपाठ. बाकी धड्यांत प्रश्न जरा फिरवून आला की अडते.

२ मे
हेमावती आपणहून घरी आली. तिच्या आप्पांच्या दुकानातली साड्यांची रिकामी खोकी कापून तिनं पत्ते केलेत, एकेका पत्त्यावर एकेक पदार्थ. फरशीवर मांडून बसली.
"घोकू नको. शेवटचा पदार्थ आधी ठेव. तो कशातनं आला असंल, येवढंच बघ. मग त्याच्या मागचा. काय तुटलं, काय चिकटलं, बोट ठेवून सांग की."
तीन तास बसलो. महिनाभर जमलं नाही ते जमलं.
अमाइनचे पत्ते तिच्याकडे दोनच. "ह्याचं मला काय कळंना. तुला येतंय?"
"मलाही नाही."
आईनं दोघींना एकत्र वाढलं. मी अर्ध्यावरच उठले.

९ मे
सगळं सांगायचं ठरवून तिच्या घरी गेले. दारातच तिची आई, कमलम्मा. "तू सोबत हाय म्हणून हेमाला पुण्याला सोडतायत बग. येकटीला तिच्या आप्पांनी सोडलं नसतं."
पाणी प्यायले, परत आले.

१६ मे, पुणे
प्रश्न सहावा, दहा मार्क: प्रोपिऑनिक आम्लापासून एथिल अमाइन. एक कार्बन कमी करायचा. वहीतलंच — आधी अमाइड, मग ब्रोमीन आणि कॉस्टिक पोटॅश. तसंच्या तसं लिहिलं. बाकी सगळं हेमावतीच्या पद्धतीनं, शेवटाकडून मागं.
बाहेर ती हसत आली. "सहावा तेवढा सोडला. बाकी झाक!"
माझ्या मामांकडे उतरलोय; संध्याकाळी तिथं सगळे खूश. मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

१८ जून
मामांनी यादी बघून पत्र पाठवलं. माझं नाव आहे. हेमावतीचं नाही. चार मार्क कमी पडले.

२० जून
माझ्यासाठी पेढे घेऊन तीच आली. मी सगळं सांगितलं.
"सहावा त्यात होता काय?"
"होता."
तिनं चपला घातल्या. जाताना दार मात्र हळूच लोटून घेतलं.