स्वयंपाकघराची अकारविल्हे

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. हे पत्र पोचेल तेव्हा तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघालेली असेल अशी आशा आहे, आणि खरं सांगायचं तर निघालेली नसेल अशीही थोडी आशा आहे. पट्टी असली तर पत्र मामी वाचून दाखवेल, आणि मामी तुमच्यापेक्षा कमी चिडते. (मामी, हे वाक्य गाळलंस तरी चालेल.) थेंब वेळेवर टाकता ना? चौथ्याच दिवशी तुम्ही कारखान्यात जाऊन भुशात उभे होतात, हे आईनं आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं. एका डोळ्यानं करवत चालवू नका. आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचा गुडघा जिन्यापुरताच दुखतो, दादा आणि वहिनी सुखात आहेत, आणि मी जिवंत आहे. फोन केला असता, पण आमचा फोन बैठकीत आहे आणि त्यावर बोलणं म्हणजे चौकात बोलणं. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडानं सांगायची मला लाज वाटते.

मामा, तुम्ही आईला करून दिलेलं लाकडी स्वयंपाकघर मी रंगवून टाकलं. सगळं. चौदा दारं, सहा खण आणि खिडकीखालची लांब फळी. रंगाचं नाव डब्यावर 'साय' असं होतं, पण बाबांच्या मते तो दवाखान्याचा रंग आहे. पहिल्या दिवशी चहाला बसले तेव्हा त्यांनी विचारलं की नंबर घ्यायचा असतो का, की नुसतं बसून राहायचं.

आता हे का केलं ते सांगते. मी साक्षरतेच्या संस्थेत नोकरीला लागले हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी मोठ्या माणसांचा वाचनवर्ग घेते, तेही तुम्हाला माहीत आहे, कारण निकाल लागल्यापासून मी भेटेल त्याला तेच सांगत असते. तर आमच्या संस्थेच्या बाई म्हणाल्या की त्या कार्यकर्त्यांच्या घरी एकदा तरी चहाला जातातच, आणि पुढच्या महिन्यात माझी पाळी. ते ऐकल्यापासून मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. म्हणजे इतकी वर्षं मी त्यातच जेवत होते, पण दिसलं तेव्हा. एक दार सागाचं, शेजारचं काळंभोर शिसवी, त्याखालचं देवदाराचं फिकट, कोपऱ्यातलं कुठल्यातरी गाठीगाठींच्या लाकडाचं, ज्याला हात लावला की बोटं अडखळतात. मुठीसुद्धा एकीसारखी एक नाही. मला वाटत आलं होतं की तुम्ही लोकांच्या कामातून उरलेले तुकडे गोळा करून गरीब बहिणीचं भागवलंत. (मामी, इथं थांबून त्यांच्याकडे बघू नकोस. पुढे वाच.) बाईंच्या घरचं स्वयंपाकघर मी पाहिलं आहे. तिथं सगळी दारं जुळ्या बहिणींसारखी आहेत. मला आपल्या घराची लाज वाटली. पदवी मिळाल्यावर माणसाला नवीन गोष्टी कळतात असं मी वर्गात सांगते. मला ही कळली.

मग तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आई दहा दिवस तुमच्याकडे आली. आई परत आल्यावर तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा असं मी ठरवलं. दारं काढताना कुठलं कुठलं ते लिहून ठेवायला हवं होतं, हे मला तेरावं दार काढल्यावर सुचलं. पॉलिश पेपरनं घासून, अस्तर मारून, दोन हात रंग देऊन जेव्हा ती परत बसवायला घेतली, तेव्हा सगळी एकाच मापाची दिसत होती आणि एकही दुसऱ्याच्या जागी बसत नव्हतं. तुम्ही प्रत्येक दार त्याच्या त्याच्या चौकटीला घासून बसवलं होतंत, ते तेव्हा समजलं. दोन दिवस दादा आणि मी कोडं सोडवत बसलो. शेवटी बारा बसली, एक तुमच्या जुन्या रंध्यानं मी बसवलं (ते आता जरा जास्तच बसलं आहे, त्यातून झुरळ ये-जा करतं), आणि एक आपल्या मनानं उघडतं. बाबा जेवायला बसले की उघडतं आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारतं. बाबा त्याला 'या' म्हणतात.

एवढ्यावर थांबले असते तरी माफ होण्यासारखं होतं. पण मी ग्रंथालयशास्त्राची परीक्षा दिलेली मुलगी. जुन्या बरण्या, चेपलेले डबे, चॉकलेटची पत्र्याची पेटी, सगळं माळ्यावर टाकलं आणि एकसारखे पांढरे डबे आणले. त्यांना झाकणातच बारीक तोंड असतं. डबा वाकवला की हवं तेवढं पडतं, उघडायला लागत नाही. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली. आणि सगळं खिडकीखालच्या फळीवर अकारविल्हे लावलं. चहा, दालचिनी, मिरपूड, मीठ, साखर. वहिनी कौतुकानं म्हणाली की आता कुणीही आलं तरी त्याला सगळं सापडेल.

मामा, आईला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. कुणी म्हणेल की पोरीला ठाऊक नव्हतं म्हणून चुकली. ठाऊक होतं. लहानपणी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही का असते हे मी एकदाच विचारलं होतं, पुन्हा विचारलं नाही. आपल्या घरात तो विषय निघत नाही आणि मी तो काढलाही नाही. दर रविवारी अकरा बायकांना 'कमळ' लिहायला शिकवून घरी येते आणि आईनं वाढलेलं जेवते. चिठ्ठ्या लावताना मला एकदाही ती आठवली नाही. बाई आठवत होत्या.

आई आली. दारात उभी राहून तिनं सगळं पाहिलं. मग म्हणाली, छान केलंस, स्वच्छ वाटतंय. एक दार उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. हात दारावर तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं भारावली. पुढचे दोन दिवस ती स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरली. स्वयंपाकाला वेळ लागायचा आणि प्रत्येक गोष्ट तळहातावर पाडून चाखली जायची. मी समजले की प्रवासानं थकली आहे. वहिनीही तसंच समजली, कारण वहिनीला या घरात येऊन चारच महिने झाले आहेत आणि आईनं तिला काही कळू दिलेलं नव्हतं. सुनेसमोर आईचा सगळा थाट त्या स्वयंपाकघरातच. पेपर वहिनी वाचते, पण आमटीत काय कमी आहे ते आई सांगते.

मग बाई आल्या. बरोबर संस्थेतल्या दोघी. आई चहा करायला उठली. वहिनी कप मांडत होती, बाई दारात उभ्या राहून चिठ्ठ्यांचं कौतुक करत होत्या आणि मी मान खाली घालून ते झेलत होते. आईनं पाचवा डबा उचलला आणि न बघता, सराईतपणे पातेल्यावर वाकवला. चांगला सढळ हातानं, पाहुण्यांसाठी.

पहिला घोट घेऊन बरोबरच्या दोघींपैकी एकीनं विचारलं की चहा औषधी आहे का. दुसरीनं कप खाली ठेवला. संस्थेच्या बाईंनी मात्र पूर्ण कप संपवला, त्या तत्त्वाच्या आहेत. वहिनीनं चव घेतली, आत गेली, डबा बघितला आणि तिथूनच म्हणाली, अगदी साधेपणानं, "आई, अहो यावर मीठ लिहिलंय."

मग आई म्हणाली, "चष्मा नाही ना माझ्याजवळ."

आईला चष्मा नाही. कधीच नव्हता. बाबा एका क्षणात पुढे आले आणि म्हणाले, "मेव्हण्याकडे विसरून आली. त्याच्या डोळ्याच्या गडबडीत हिचे डोळे तिकडेच राहिले." सगळे हसले. आई पण हसली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

बाई गेल्यावर बाबांनी मला मागच्या पायरीवर बसवून सांगितलं, आवाज न चढवता, म्हणजे फार रागानं. आई लग्न होऊन आली तेव्हा या घरात चिठ्ठ्या लावलेले एकसारखे डबे होते आणि तिला रोज बोलणी बसत. तेव्हा तुम्ही आलात, महिनाभर राहिलात, आणि ती म्हणेल तिथं ती म्हणेल ते लाकूड लावलंत. मीठ गाठींच्या दारामागे, साखर शिसवीच्या, पीठ देवदाराच्या. तिनं अंधारातही चुकू नये म्हणून मुठी वेगळ्या. तुम्ही शाळेत जात होतात तेव्हा धाकट्यांना सांभाळायला ती घरी राहिली होती, आणि त्याबद्दल तुम्ही दोघांनी कधी एक अक्षर काढलं नाही, स्वयंपाकघर काढलंत. आणि मी त्याला तुकडे म्हणत होते.

पाचवा डबाही माझंच कर्तृत्व. दोन दिवसांत आईनं डबे मोजून पाठ केले होते. साखर पाचवी. बाई यायच्या सकाळी मी जिरं आणलं आणि शिस्तीत चहाच्या पुढे लावलं. सगळे एकेक घर सरकले.

तर मामा, मला क्षमा करा. डोळा बरा झाला की या, काय करता येईल ते बघा. मी घासायला तयार आहे. मामीला नमस्कार.

तुमची भाची (जिला बाबा सध्या 'मॅडम' म्हणत नाहीत)

ता. क. खरं काम राहिलंच. वहिनी फार मायाळू आहे. ती रोज विचारते की मामांकडून आईंचा चष्मा आला का, आणि आता स्वतः मामीला फोन करणार म्हणते. तेव्हा कृपा करून कुठूनही एक बायकी चष्मा मिळवून पाठवा. काच साधी असू दे. चष्म्याच्या घरासकट पाठवा, म्हणजे विसरलेला वाटेल. एक दांडी जरा सैल असली तर उत्तम.

ता. क. दुसरा. चष्मा पाठवू नका. मी हे लिहीत असताना आई आली आणि म्हणाली, मामाला एवढं काय लिहितेस, वाचून दाखव. मी दाखवलं. सगळं दाखवलं, गाळता आलं नाही. झुरळापाशी तेवढी ती हसली. मग म्हणाली की तिनं वहिनीला त्याच संध्याकाळी कप विसळताना सगळं सांगून टाकलं होतं. मी विचारलं, मग वहिनी रोज चष्म्याचं का विचारते? तर म्हणाली, "तुझ्यासमोर विचारते. तुला वाटावं की झाकलं गेलं. तुला कळलं असतं तर तू रडत बसली असतीस, आणि मग आम्हालाच तुला समजवावं लागलं असतं." बाबांना पण माहीत होतं. दादाला पण. घरात फसवली जात होती ती मी एकटी. मी धीर करून विचारलं की रविवारी माझ्या वर्गाला येशील का. म्हणाली, शिकायचं झालं तर सुनेकडून शिकेन, तू फार भाषण करतेस.

ता. क. तिसरा, आणि यापुढे कागद नाही. आईनं विचारलं, "यात मी कुठं आहे?" मी 'आई' वर बोट ठेवलं. तिनं ते निरखून पाहिलं, लाकडाची रेघ बघावी तसं. मग कागद आपल्याकडे ओढून तिनं स्वतःच पुढचं 'आई' शोधलं, मग त्याच्या पुढचं. एक तर मला दिसण्याआधीच तिनं पकडलं. पानाच्या शेवटापर्यंत गेली, कागद उलटून मागचंही पाहिलं, आणि माझ्या हातात परत देत म्हणाली, "इतक्यांदा लिहिलंस मला. रंग आणायच्या आधी एकदा विचारलं असतंस."