जमिनीकडे चार वेळा, चिवड्याकडे तीन वेळा

नांदगाव खंडेश्वर
रविवार, १४ डिसेंबर

तीर्थस्वरूप बेबीआत्यास नीलमचा वाकून नमस्कार.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते, मग तब्येतीचं विचारते. (आजोबांनी शाळेत घालण्याआधीच मला पत्र लिहायला शिकवलं, तेव्हा क्रम उलटा सांगितला होता, पण चूक पोटात ठेवून मला तब्येत विचारता येत नाही.) अकोटचे सागर मला पाहायला आले, तेव्हा त्यांनी सात वेळा जमिनीकडे पाहिलं असं मी लिहिलं होतं. खरं म्हणजे चार वेळा जमिनीकडे आणि तीन वेळा चिवड्याकडे. बशी जमिनीच्याच दिशेला होती, त्यामुळे मोजण्यात घोटाळा झाला.

आता तब्येत. तुमचा गुडघा कसा आहे? आपल्याकडे नकार फोनवर कळवत नाहीत, घरी जाऊन, चहा घेऊन सांगतात. आणि माझा नकार तुम्हीच अकोटला नेणार होता. गुडघ्यामुळे अजून जाणं झालं नसेल तर मला वाईट वाटेल, पण पूर्ण वाईट वाटणार नाही. (फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि तुमची अर्धी गल्ली माझ्याशी बोलू लागते.)

नकार मी कशावरून दिला ते तुम्हाला कळवलंच होतं. माणसांच्या स्वभावाचे सोळा प्रकार असतात. गाजलेल्या माणसांच्या मुलाखती मोबाइलवर पाहून मी त्यांचा प्रकार ठरवते आणि वहीत लिहिते: हसण्याआधी थांबतात का, उत्तर देताना कुठे पाहतात, दुसऱ्याचं वाक्य तोडतात का. आतापर्यंत तेवीस माणसं झाली. त्यांत सगळ्यात खात्रीचे म्हणजे टीव्हीवरचे विनोदवीर सूर्यभान. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत पोचेल असा आवाज, प्रेक्षकांत उतरून कोणाच्याही गळ्यात पडणं. मी लिहिलं: पक्के बहिर्मुख, मोकळे, मायाळू. सागर यांचं सगळं त्याच्या उलट. तासाभरात 'हो', 'नाही' आणि 'बरं' एवढे तीनच शब्द. म्हणून लिहिलं: थंड, आतल्या गाठीचे.

काल सूर्यभान यांचा कार्यक्रम अकोल्यात होता आणि सत्काराचे हार आपल्या मळ्यातल्या फुलांचे होते. बाबांसोबत मीही गेले (वही घेऊन, पडताळणीसाठी). हार द्यायला रंगमंचामागे गेलो, तर सूर्यभान भिंतीकडे तोंड करून बसलेले, कानांत कापूस. बाबांनी टोपली ठेवली तेवढ्यानेही दचकले. बरं नाही का, असं मी विचारलं. ते इतकं हळू बोलले की मला वाकावं लागलं. "बरं आहे, ताई. लोकायची भीती वाटते. स्टेजवर चढलो की जाते, उतरलो की येते." पाचच मिनिटांनी ते बाहेर पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या गळ्यात पडलेले होते. मी वही उघडली नाही.

परतताना गाडीत मी बाबांना म्हटलं, चारचौघांतल्या वागण्यावरून माणूस कळत नाही असं दिसतं. बाबा म्हणाले, त्या सागरचंच घे ना. चहा झाल्यावर बाबा त्यांना मळा दाखवायला घेऊन गेले होते, तिथे ते पाऊण तास बोलत होते म्हणे. शेवंतीला पाणी जास्त होतंय, ठिबकची नळी इथे बुजली आहे, आणि आपलं बुजगावणं थेट त्यांच्या मामांसारखं दिसतं म्हणून पोट धरून हसलेसुद्धा. मग घरात का नाही बोलले, असं मी विचारलं.

"त्याच्या मामानं सांगतलं होतं, पोरगी शिकेल आहे, तिच्यासमोर मले-तुले करू नोको. त्याले दुसरं येतेच कुठं? मंग बसला बिचारा चिवडा पाहत."

हे मला आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाले, "तू इचारलं कुठं? पाहुणे गेले न् तू वहीत घुसली."

आत्या, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तेविसांबद्दल मी काहीही लिहिलं तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. चोविसाव्या माणसाच्या घरी मात्र माझ्या वहीतला शेरा चहासोबत पोचणार आहे.

बाकी सगळे ठीक. शेवंती खरंच पिवळी पडत होती, पाणी कमी केलं आहे.

तुमची
नीलम

ता. क. मी स्वतःचाही प्रकार तपासला. तीन वेळा तपासला, तीन वेगळे आले.

आणखी ता. क. एक गोष्ट मागच्या पत्रात मी लिहिली नाही, ती विसरून नव्हे. त्या दिवशी मीही टीव्हीवरच्या निवेदिकेसारखी 'आपण संकोच करू नका, घ्या ना' असं बोलत होते. घरी मी कशी वऱ्हाडीत बोलते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना ते खरं वाटलं असेल, तर फसवलं मी आहे.

शेवटचं ता. क. हे पत्र उद्या फुलांच्या गाडीसोबत पोचेल. नकार नेला नसेल तर नेऊ नका. नेला असेल तर तो परत मागायला मी स्वतः अकोटला जाणार आहे, आणि मामांच्या देखत मले-तुले करूनच बोलणार आहे. तुम्ही सोबत आलात तर धीर येईल, नाहीतर एकटी जाईन. नेला नसला तरी जाणारच आहे. गुरुवारी, १८ तारखेला, सकाळच्या पहिल्या एसटीने.