कॉलमनची सुटकेस

कासलबार, गुरुवार

प्रिय आई,

देवमाता तुला आणि बाबांना सुखरूप ठेवो. मी बरी आहे, दुकानाच्या मालकीण गॅननबाई पोटभर जेवायला घालतात. बाबांचा खोकला कसा आहे?

पणजोबा लिनन विकायला इथे यायचे, तेव्हा हे जिल्ह्याचं गाव लोकांना पोसायचं. आता नुसतं इंग्लंडच्या वाटेला लावतं. आमच्या दुकानात कापडाचे तागे पडून असतात आणि सुटकेसी हां हां म्हणता संपतात.

आई, काल आपली गाय विकून कॉलमन दुकानात आला. "ताई, स्वस्तातली एक सुटकेस दे," म्हणाला.

"आणि आईबाबांकडे कोण बघणार रे?"

"घरी राहून काय करू? पोरी तर सगळ्या इंग्लंडला गेल्या. मेंढीशी लग्न करू?"

बाई समोर होत्या, मला रडताही येईना. मी मुद्दाम मोडक्या कडीची सुटकेस दिली. बदलायला येईल तेव्हा पाया पडून त्याला थांबवीन, असं मनात होतं.

तो आलाच नाही. आज सकाळी दुकान उघडताना तो स्टेशनकडे जाताना दिसला. मी हाक मारली, तर पळतच सुटला.

गाय विकली तरी दावं घरी आणायचं, घराचं नशीब त्यात असतं, असं तू म्हणतेस ना? आई, दारात त्याची वाट बघत बसू नकोस गं. ती मोडकी सुटकेस त्याने आपल्या गाईच्या दाव्यानेच करकचून बांधली होती.

तुझी अभागी लेक,
अट्रॅक्टा