आमच्या क्रूझरचं यंदाचं इन्स्पेक्शन

५ जुलै, शनिवार. सकाळी ७.१०
गाडीच्या इन्स्पेक्शनची नोटीस आली. रोड टॅक्स ३१ जुलैला संपतो. त्याआधी पास व्हायला हवं, नाहीतर गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा. सव्वीस दिवस आहेत. भरपूर.

यंदा सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. बँकेत कम्प्लायन्स सांभाळतो मी, दिवसभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढतो. स्वतःच्या गाडीला शिस्त लावता येऊ नये?

गाडी: क्रूझर मोटरसायकल, दोनशे सीसी, काळी, वय वर्षं चौदा. लांब हँडल, बुटकं सीट. मूळची माझ्या मित्राची, श्रीनिवासची. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणामुळे तो सिंगापूर सोडून नाशिकला परत गेला. विकली असती तर चार पैसे मिळाले असते, पण किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "निश्या, तू चालवशील म्हणून देतोय."

त्याच्याकडे असताना दर वर्षी पहिल्या फटक्यात पास व्हायची. माझ्याकडे आल्यावरही दोन्ही वर्षं पास झाली. मधे पाच वेळा फेल झाली, पण शेवटी पास झालीच. म्हणजे रेकॉर्ड शंभर टक्के.

संकल्प: यंदा पहिल्याच फटक्यात.

५ जुलै, रात्री
श्रीनिवासचा मेसेज. कामासाठी नऊ ऑगस्टला येतोय, दोन दिवस. रविवारी सकाळी गाडीवरून चांगी व्हिलेजला नासी लमाक, तो नारळाच्या दुधातला भात, खायला जाऊ म्हणतो. पूर्वी दर रविवारी जायचे, तो आणि गाडी. शेवटी लिहिलंय, "कशी आहे ती?"

मी लिहिलं, "एकदम फिट."

नीलिमाने माझ्या खांद्यावरून वाचलं. काही बोलली नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली. तिचं न बोलणं मला शब्दशः कळतं.

११ जुलै, शुक्रवार
आठवडाभर तयारी. रोज ऑफिसातून आल्यावर कारपार्कमध्ये एक तास. क्रोम घासलं, टायर काळे केले, सीटला क्रीम लावलं. पुढच्या चाकाच्या ब्रेकची डिस्क कळकट दिसत होती. पॉलिशचा स्प्रे मारून आरशासारखी केली. स्वतःचं तोंड दिसतं तिच्यात.

सकाळी गाडीनेच ऑफिसला जाणार होतो, पण ढग होते. मेट्रोने, म्हणजे एमआरटीने गेलो.

१२ जुलै, शनिवार. दुपार
फेल.

पुढचा ब्रेक. इन्स्पेक्टरने चाक रोलरवर घेतलं, ब्रेक दाबला, चाक फिरतच राहिलं. पुन्हा दाबला. तसंच. चष्मा वर करून त्याने विचारलं, "अंकल, यू पुट ऑइल हिअर, आह?" मी म्हटलं, ऑइल नाही, पॉलिश. त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग कुठून आलात म्हणाला. घरून, सेरंगूनहून. तेवढं अंतर ब्रेकशिवाय आलात?

मागचा होता, मी म्हटलं.

तांत्रिकदृष्ट्या हे फेल होणं नव्हेच. ब्रेक उत्तम होता. फक्त लागत नव्हता.

१४ जुलै, सोमवार
गाडी काकी बुकितला, ओंग अंकलच्या गॅरेजवर. श्रीनिवासच्या काळापासूनचा मेकॅनिक. सत्तरीचा आहे, अंगात बनियन, पायात चपला. त्याने डिस्क साफ केली, ब्रेकचे पॅड बदलले. म्हणाला, "बाइक नो प्रॉब्लेम. यू डोन्ट टच, कॅन?"

मी म्हटलं, मी फक्त पॉलिश केलं.

"यू डोन्ट पॉलिश, कॅन?"

कलाकार माणसं अशीच तुसडी असतात.

१९ जुलै, शनिवार
फेल.

आवाज. सायलेन्सरला त्यांनी मीटर लावला आणि आकडा बघून शेजारच्या रांगेतली माणसंही बघायला आली. आत जी भोकांची नळी असते ती नाही म्हणे. तिच्याशिवाय आवाज मर्यादेबाहेर जातो.

नळी कशी असेल? मीच मार्चमध्ये काढली. अनुया, आमची कन्या, वय सतरा, म्हणाली होती, "बाबा, युअर बाइक साउंड्स लाइक आपला राइस कुकर, लाह." कोणत्या बापाला हे ऐकवेल?

नळी कुठे ठेवली ते आठवेना. घरी सगळे ड्रॉवर उपसले. स्टोअररूम उपसली. शेवटी नीलिमा बाल्कनीत घेऊन गेली. कढीपत्त्याच्या कुंडीत, झाडाला आधार म्हणून. मीच खोचली होती म्हणते. झाड छान सरळ वाढलंय.

नळी काढली. झाड आडवं झालं. नीलिमाने तुटलेली पानं गोळा केली. रात्रीच्या आमटीत कढीपत्ता फार होता.

२१ जुलै, सोमवार
ओंग अंकलने नळी बसवली. मातीचे कण झटकताना मला विचारलं, "धिस वन, यू प्लांट?" मी विषय बदलला.

गाडी आता मांजरासारखी घुरघुरते. श्रीनिवासला व्हिडिओ पाठवला. त्याने लगेच उत्तर दिलं, "वा! डोळ्यांत पाणी आलं रे." मलाही बरं वाटलं. मग जरा कसंतरी वाटलं. कारण कळलं नाही.

संकल्प: आता रोज गाडीने ऑफिस. इंजिन वापरात राहिलं पाहिजे.

२२ जुलै. पाऊस. एमआरटी.
२३ जुलै. पाऊस नाही, पण दुपारी येईल असं वाटत होतं. एमआरटी.
२४ जुलै. आला नाही. पण जुरोंग ईस्टच्या ऑफिसात उन्हातून घामाघूम होऊन मीटिंगला कसं जाणार? एमआरटी.
२५ जुलै. उद्या इन्स्पेक्शन. आज दमवायला नको तिला.

२६ जुलै, शनिवार. दुपारी १
आत पोचलोच नाही, म्हणून याला फेल म्हणता येणार नाही.

सकाळी चालू होईना. कारपार्कमध्ये किक मारावी म्हटलं तर किकच नाही तिला. नीलिमा आणि अनुयाने ढकलून दिली. अनुया झोपेतून उठून आलेली, पायजम्यात. चालू झाली. सेंटरच्या रांगेत पुढे पाच गाड्या. पेट्रोल वाचवावं म्हणून इंजिन बंद केलं. पुन्हा चालू होईना. बॅटरी गेली. माझ्यामागे अकरा गाड्या. फूड डिलिव्हरीवाला एक पोरगा उतरला आणि मला, गाडीसकट, रांगेबाहेर ढकलून परत जाऊन उभा राहिला. सतरा मिनिटांनी माझ्यासमोरून पास होऊन गेला. त्याच्या गाडीला एक आरसा टेपने चिकटवलेला होता.

ओंग अंकलला फोन. बॅटरी घेऊन आला, बसवली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बॅटरी म्हातारी नव्हती, नवीच होती, मागच्या वर्षी मीच घातली. न चालवता उभी ठेवली की बॅटरी मरते. आणि विचारलं, "यू राइड ऑर नॉट?"

अर्थात चालवतो, मी म्हटलं.

तोवर सेंटर बंद झालं होतं.

३० जुलै, बुधवार
उद्या शेवटचा दिवस. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बॉसने कारण विचारलं. "रेग्युलेटरी इन्स्पेक्शन" असं लिहिलं. लगेच मंजूर.

३१ जुलै, गुरुवार. दुपारी ४.३०
अडीच वाजता तयार होतो. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, जॅकेट. खाली आलो. पाऊस. साधासुधा नाही, समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. कारपार्कच्या तोंडाशी गाडीवर बसून थांबलो. तीन. सव्वातीन. जरा कमी झाला. एक डिलिव्हरीवाली बाई रेनकोट घालून निघाली, मला हात करून, चला, असं म्हणून.

मी निघालो नाही. रस्ता निसरडा असेल म्हणून. सुरक्षितता आधी.

चार वाजता पाऊस थांबला. साडेचारला सेंटर बंद, आणि मधे ट्रॅफिक. वर आलो. नीलिमा घरूनच काम करत होती. माझ्याकडे बघून लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. म्हणाली, "निशि, घाबरतोस का तू?"

मी म्हटलं, कशाला?

"गाडीला."

हसलो. चहात साखर जास्त होती.

१ ऑगस्ट, शुक्रवार
रोड टॅक्स संपला. आता सेंटरला चालवत नेली तरी गुन्हा. लॉरीत घालून न्यावी लागणार. श्रीनिवासला कळवावं का? आठ दिवस आहेत. कळवलं नाही. उगाच प्रवासात त्याला काळजी.

२ ऑगस्ट, शनिवार
ओंग अंकलची लॉरी सकाळी आठला आमच्या ब्लॉकखाली. क्रूझर वर चढवली, दोऱ्यांनी बांधली. शनिवार असल्यामुळे सगळे खाली होते. मार्केटहून येणाऱ्या बायका, टेनिसला जाणारी पोरं. तिसऱ्या मजल्यावरच्या कादंबरीताईंनी हळू आवाजात विचारलं, "विकली का हो?" मी म्हटलं, नाही, इन्स्पेक्शन. "अगंबाई," म्हणाल्या.

लॉरीत अंकलशेजारी बसलो. सिग्नलला मागे वळून बघितलं तर दोऱ्यांत बांधलेली गाडी माझ्याचकडे बघत होती.

सेंटरला अंकल म्हणाला, तू तिथे बाकावर बस. गाडीला हात लावायचा नाही. बसलो. त्याने स्वतः आत नेली. ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर, आवाज. अकरा मिनिटं.

पास.

इन्स्पेक्टर तोच, चष्मेवाला. अंकलला म्हणाला, इतकी चांगली जुनी बाइक हल्ली येत नाही. दोघं माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो.

पास! पद्धतशीर तयारीचं फळ. घरी येऊन रोड टॅक्स भरला. श्रीनिवासला लिहिलं, "इन्स्पेक्शन झालं. पास." पहिल्या फटक्यात का, असं त्याने विचारलं. मी अंगठा पाठवला.

१० ऑगस्ट, रविवार. दुपार
श्रीनिवास काल आला. केस पिकलेत. त्याची आई गेली तेव्हा मी जाऊ शकलो नव्हतो, म्हणून आधी ते बोलणं झालं. नीलिमाने पुरणपोळी केली होती. चार खाल्ल्या त्याने.

आज पहाटे सहाला खाली गेलो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला. इन्शुरन्सवर त्याचं नाव आधीच घालून घेतलं होतं, तेव्हा म्हटलं, चालव तूच. मागे बसलो. चांगी व्हिलेजपर्यंत काय चालवली त्याने! रस्ता मोकळा, एका बाजूला झाडं, त्याच्या जॅकेटमध्ये वारा भरलेला. लॉरी बाजूने गेली तेव्हा माझे डोळे मिटले. त्याला मागे दिसत नाही, हे बरं.

नासी लमाक खाल्लं. परत निघताना त्याने किल्ली फिरवली आणि थांबला. मीटर बघत होता.

"निश्या, मी दिली तेव्हा एक्केचाळीस हजार दोनशे होते. फोटो आहे माझ्याकडे."

मग?

"आता एक्केचाळीस हजार सहाशे साठ आहेत. आज आपण आलो ते धरून."

 तीन वर्षांत चारशे साठ किलोमीटर. मनातल्या मनात हिशेब केला. काकी बुकित जाऊन-येऊन, सेंटर जाऊन-येऊन, दर वर्षी तीन-चार वेळा. पेट्रोल पंप. दुसरं काही आठवेना. ही गाडी माझ्याकडे फक्त परीक्षेला जाते.

श्रीनिवास रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जमत नसेल तर सांगायचं होतंस रे. मी कुणाला तरी शोधून दिलं असतं." आणि पाठीवर थाप मारली.

मी म्हटलं, जमतं. यंदा जरा कामाचा रेटा होता.

परत येताना त्याने वेग कमी ठेवला. माझ्यासाठी असावा.

११ ऑगस्ट, सोमवार
श्रीनिवास सकाळच्या विमानाने गेला. जाताना टॅक्सीतून गाडीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

संकल्प: उद्यापासून रोज. पाऊस असो, लॉरी असो. उद्याच जुरोंग ईस्ट. नीलिमाला सांगितलं. तिने फक्त जॅकेट इस्त्री करू का विचारलं. लेदरचं आहे, म्हटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ९.०५, ऑफिस
निघालो! ऊन लख्ख. कारपार्कमधून सुरेख बाहेर पडलो. एक्सप्रेसवेवर चढलो. मागून कंटेनरवाला आला. मग दुसरा. हँडल हलतंय असं वाटलं. हात हलत होते. पुढच्याच एक्झिटने उतरलो. टोआ पायोहला एमआरटी स्टेशनजवळ कारपार्क आहे, तिथे लावली. हेल्मेट हँडलला लॉक केलं. ट्रेनने ऑफिस.

पहिल्या दिवसाला सात किलोमीटर. हळूहळू वाढवायचं. योजना पक्की.

१२ ऑगस्ट, रात्री
दिवस छान गेला. साडेसहाला सुटलो, नेहमीची ट्रेन पकडली, बसायला जागा मिळाली. सेरंगूनला उतरून मॉलमधून दूध घेतलं. जेवायला बसलो. पिठलं. दोन वाट्या घेतल्या. नीलिमा म्हणाली, "मग, कशी झाली राइड?"

मस्त, म्हटलं.

"गाडी कुठे लावलीस? मघाशी खाली जागा रिकामी दिसली."

घास हातातच राहिला.

अनुयाने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "वेट, वेट. बाबा, यू फरगॉट युअर ओन बाइक?" आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. नीलिमाने हसायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. तिलाही जमलं नाही.

उद्या पहाटे टोआ पायोहला जाऊन आणायची. नीलिमा म्हणाली, मीही येते तुझ्याबरोबर, नाहीतर तू तिथूनही ट्रेननेच परत येशील.