देवीच्या तलवारीचं म्यान

मंगळवार, सांज

देवीच्या तलवारीचं लाकडी म्यान आज देवळात पोचवलं. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून सगळं मीच कोरलं. पातं आत गेलं, कुठं अडकलं नाही, हललंही नाही. देवळाचा कारभार बघणाऱ्या गावकारांनी दोनदा उपसून पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या पोराचा हात बसला हाय."

पोरगा म्हणजे दादा. त्यानं कधी पटाशी धरली नाही. तो गणेशगुडीत पर्यटकांच्या बोटी चालवतो. तरी बाबा म्हणाले, "व्हय."

वाटेत मी विचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलं?"

"पोरीनं केलेलं ते देवळात घेतील काय?"

म्हणजे देवीला चालतं, यांनाच चालत नाही? पातं तर अडकलं नाही.

पालखीचा नवा दांडा करायचं कामही गावकारांनी दादालाच सांगितलंय. पटाशा, रंधा, सगळी हत्यारं मी त्याच्या खाटेवर नेऊन ठेवली. बाबा बघत होते.