मुनीमच्या पेटीतली ओल

१४ जुलै
स. ७ ला ३९. दु. १ ला ३८. सं. ६ ला ४०.
मयुरीने जाताना बजावलं होतं, पेटीतली आर्द्रता तीस ते चाळीसच्या मधे. म्हणजे ठीक. पुलाखाली नदी गढूळ, आमच्या कारधा गावातल्या साऱ्या भिंती घाम गाळून राहिल्या, डबीत मीठ पाणावलं, आणि मुनीमच्या पेटीत चाळीस. शोभाला मीटर दाखवलं. "मानलं तुमाले," म्हणाली. छाती फुगली जरा.

१६ जुलै
शेजारचे गोमाजी खिडकीतून डोकावले. "घोरपड पाळली का जी? जंगलखात्यानं पाह्यलं तर?"
"घोरपड नाही जी. ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा. मयुरीचा. सरकारी कागद हाय त्याचा."
"चावत नाही?"
"पोरीच्या हातावर झोपते."
गोमाजी गेले तरी खात्री पटली नव्हती. त्यांना काय सांगू. पोरगी पुण्याची नोकरी सोडून घरी आली तेव्हा बोलत नव्हती, जेवत नव्हती. एक काचेची पेटी आणि हा जीव घेऊन आली. आठ महिने मागच्या खोलीत. सकाळी उठायची ती फक्त याला पाला टाकायला, दिवा लावायला. तेवढ्यासाठी का होईना, उठायची. पेटीच्या कोपऱ्यात मान वर करून हिशेबनीसासारखा बघत बसतो म्हणून मीच मुनीम नाव ठेवलं. त्यावर ती हसली होती. किती महिन्यांनी.
जूनमधे हैदराबादला नोकरी लागली. राहते त्या ठिकाणी प्राणी चालत नाही. "बाबा, तुमच्या भरवशावर ठेवून राहिली," म्हणाली.

१९ जुलै
मुनीमने काल आणि आज पाला खाल्ला नाही. शेवग्याची कोवळी पानं शोभाने धुऊन, फडक्याने एक एक पुसून कोरडी केली होती. तिला आधी किळस होती. आता बोलते त्याच्याशी. "काहून रुसला रे बाप्पा?"
तोंड उघडं ठेवून बसला आहे. दिव्याखाली तोंड उघडतो तो, गरम झालं की. पण आज थंड कोपऱ्यात बसून उघडं.
मीटर ३९.
मयुरीचा व्हिडिओ कॉल. "दाखवा ना." झोपला आहे म्हटलं.

२१ जुलै
दाढी काळी पडली, त्रास झाला की पडते तशी. नाकपुडीवर बुडबुडा आला, फुटला, परत आला. कानाशी धरला तर श्वासात बारीक शिट्टी.
मयुरी: "परवा पण झोपलाच होता."
मी: "पावसाळी हवा हाय, झोपते."
फोन ठेवला तशी शोभा म्हणाली, "पोरीले सांगून द्या. लपवू नका." मी तिच्यावरच ओरडलो. कसं सांगू? आत्ता कुठं पोरगी सावरली. हा गेला आणि ती पुन्हा त्या खोलीत

२२ जुलै
भंडाऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात. एक म्हैस, तीन बकऱ्या, आणि मांडीवर टोपलीत मुनीम. माणसं उठून बघायला आली. डॉक्टर सरळ माणूस. "काका, असा पेशंट मी जन्मात नाही पाह्यला. उगीच हात लावणार नाही." नागपूरच्या एका डॉक्टर मॅडमला फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, उद्याच आणा.

२३ जुलै
नागपूर. टोपलीत फ्लॅनेल, खाली गरम पाण्याची पिशवी. शोभा सोबत आली. सारा रस्ता तिचा तळहात टोपलीवर.
मॅडमने फोटो काढला छातीचा. फुप्फुसात कफ. "पेटीत ओल आहे."
मी म्हटलं, "नाही मॅडम, चाळीसच्या वर कधीच गेली नाही. तीन वेळा लिहून ठेवतो."
वही पुढे केली. त्यांनी पूर्ण वाचली. मग म्हणाल्या, "तुमची वही खोटं बोलत नाही काका. पण याचं फुप्फुस पण खोटं बोलत नाही."
इंजेक्शन, उद्यापासून दर तीन दिवसांनी एक. देणार भंडाऱ्याचे डॉक्टर, मॅडमने त्यांना फोनवर समजावलं. वाचेल का विचारलं. "आठ दिवस बघू."

२४ जुलै
सांगितलं मयुरीला. सकाळी, ती कामावर जायच्या आधी. सगळं सांगितलं, झोपेचं खोटं पण.
तिने एवढंच विचारलं: "बाबा, मीटर कुठं लावलं हाय?"
"दिव्याजवळ. तिथं नीट दिसते ना आकडा."
"आणि खाली फरशीच हाय ना?"
नाही. ती गेल्यावर मीच नारळाचा भुसा टाकला होता, चांगला चार बोटं. फरशी पोटाला टोचत असेल असं वाटलं.
मीटर काढून थंड कोपऱ्यात नेऊन ठेवलं. अर्ध्या तासाने ८३. भुसा मुठीत दाबला तर हात ओला.
तीस वर्षं राईस मिलमधे धान घेतलं. एका पोत्याला तीन जागी परखी, नमुना काढायची पोकळ सळई, टोचायची, वरून, मधून, बुडातून. वरचं धान कोरडं लागते आणि आत कोंब फुटलेला असते. नव्या पोरांना हेच शिकवलं आयुष्यभर. आणि इथं दिव्याजवळचा एक आकडा वहीत लिहून खूश.
पोरीला सांगितलं ८३. वाटलं रडेल. म्हणाली, "आता तरी समजलं ना. भुसा काढा आधी." मग जरा थांबून, "बाबा, तो गेला तरी मी पडणार नाही आता. पण मले न सांगता गेला असता तर..."

२५ जुलै
भुसा सगळा बाहेर. काच पुसली, वाळवली. खाली फरशी. वरचं अर्धं झाकण काढून जाळी ठोकली. पाण्याची वाटी बाहेर, पाणी आता ड्रॉपरने नाकाशी थेंब थेंब. पेटी नदीकडच्या भिंतीपासून काढून मधल्या खोलीत आणली. मागे कॉम्प्युटरचा छोटा पंखा, हवा बाहेर ओढणारा. मयुरी फोनवरून सांगत गेली, मी करत गेलो. दीड तास बोललो. इतकं आम्ही कधी बोललो होतो आठवत नाही.
आता मीटर तीन. दिव्याजवळ ३६, मधे ४९, कोपऱ्यात ५८.

२९ जुलै
दु. अडीच तास लाईट नाही. दिवा बंद, पंखा बंद. कोपरा ७१. मुनीम हाताला गार लागला. शोभाने त्याला ब्लाउजच्या आत छातीशी घेतला, वरून पदर, आणि तशीच खुर्चीत बसून राहिली. गोमाजीची बायको आली साखर मागायला. "पोट दुखते का वो, असी काऊन बसली?" शोभा म्हणाली, "नातू हाय." ती बाई घाबरून निघूनच गेली.
लाईट आल्यावर पेटीत ठेवला तर त्याने एक डोळा उघडून बघितलं. बस तेवढंच.

२ ऑगस्ट
आज चौथं इंजेक्शन. डॉक्टरांनी स्वतःच विचारलं, "कसा हाय आमचा पाहुणा?" बुडबुडा नाही. शिट्टी आहे.

५ ऑगस्ट
खाल्लं! भोपळ्याचे तीन तुकडे आणि एक अळी. व्हिडिओ लावून दिला. मयुरी ऑफिसच्या जिन्यात बसून बघत होती, मागून माणसं जाऊन राहिली होती, हिला पर्वा नाही. रडत होती आणि हसत होती.
मी पण बाथरूममधे जाऊन तोंड धुऊन आलो.

१२ ऑगस्ट
कोपरा ५२. सलग चार दिवस बाहेर रिपरिप, तरी ५२. दाढी पांढुरकी.
मॅडमकडे फोटो. उजवी बाजू साफ, डावीकडे थोडं बाकी. "पावसाळा निघू द्या, मग खात्री."

३० ऑगस्ट
मयुरी आली. दोन दिवसांची सुट्टी. थोडी जाड झाली आहे, बरं वाटलं. बॅग ठेवायच्या आधी पेटीपाशी. मुनीम काचेला पंजे लावून उभा राहिला. शोभा म्हणाली, "पाहा, आठ दिवसांपासून माझ्या हातून खाते, आणि आता मले ओळखत बी नाही."
जेवताना मयुरीने सांगितलं, एका मैत्रिणीसोबत वेगळी खोली घेतली आहे. दुसरा माळा, दक्षिणेची खिडकी, मुनीम चालतो. न्यायला आली आहे. शोभाने वाढता वाढता वाटी खाली ठेवली.
"पण डावी बाजू साफ नाही अजून," मी म्हटलं.
"म्हणूनच विचारून राहिली बाबा. त्याचा श्वास तुम्ही दीड महिना ऐकला. मले समजणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

१ सप्टेंबर
गाडी चारची. आता सव्वातीन.
पाऊस उघडला आहे. कोपरा ४६, इतकं खाली पहिल्यांदा.
सकाळी कानाशी धरला. शिट्टी वाटली. बारीक, अगदी शेवटी. परत धरला तर काहीच नाही. तिसऱ्यांदा पुन्हा वाटली. शोभाला ऐकवलं, ती म्हणाली, "हाय. मले तर आली ऐकू." पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिचं काय खरं धरू. आणि माझं तरी काय? शिट्टी आहे की मला हवी आहे?
पोरगी एकटी झोपते, एकटी उठते तिथं. सांगत नाही, पण माहीत आहे मला. तिला हा पाहिजे. आणि प्रवासात गार हवा लागली याला तर
ओसरीवर तिने प्रवासाची जाळीची टोपली उघडून ठेवली आहे, आत माझंच फ्लॅनेल अंथरलं आहे. मुनीम तिच्या खांद्यावर. दोघं उन्हात उभी आहेत अंगणात.
शोभा दारातून म्हणते, "बोला ना काहीतरी. लिहून काय राहिले?"
मयुरी इकडे बघून राहिली आहे. घाई करत नाही.
एकदा अजून ऐकतो