मागच्या सपरीतलं काउंटर

अमरावती,
भर मे महिना

आदरणीय बिल्कीस आपा,

(तुझ्या नावामागे 'आदरणीय' लावताना पेन अडखळलं खरं. पण तू माझ्याआधी रिटायर झालीस आणि जाताना सब-पोस्टमास्तर होऊन गेलीस, तेव्हा एवढं चालवून घे.)

जयभीम आणि सलाम. तुझे गुडघे कसे आहेत, तुझ्या लेकाचं, मोईजचं, प्लायवूडचं दुकान कसं चाललंय, अकोल्याच्या जुन्या शहरात तुमच्या गल्लीत दुपारची लाइट टिकते की जाते, सगळं सविस्तर कळव. आमच्याकडे ऊन असं आहे की सकाळी वाळत घातलेल्या कुरड्या दुपारी तळलेल्याच उचलाव्या. फोन करता आला असता, हे मलाही कळतं. पण पोस्टाचा पगार खाल्लेल्या दोन बायांनीच पत्रं लिहिली नाहीत, तर बाकीच्या जगानं काय म्हणून लिहावीत? शिवाय फोनवर बोललेलं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू जातं. सगळ्यांना म्हणजे आमच्या धर्मपालरावांना. घरात आम्ही दोघंच, तरी गर्दी वाटते, ती त्यांच्यामुळे.

तर बातमी अशी की मी लाकूडकाम सुरू केलं आहे. हसू नकोस, आधी कारण ऐक. रिटायर होऊन घरी बसायचं ठरवलं, तेव्हा मला कळलं की या घरात मला बसायला जागाच नाही. धर्मपालराव पाटबंधारे खात्यातून माझ्याआधी सुटले, आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसा त्यांनी घरभर रुमाल टाकून ठेवला. टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची. खिडकीजवळच्या पलंगावर त्यांची दुपारची झोप. दारातल्या खुर्चीत त्यांचा पेपर, आणि पेपर वाचून झाला तरी खुर्चीत पेपर. मी कुठंही टेकले की आलेच, "माया, जराशी उठ बरं वं." आपा, पोस्टाच्या काउंटरवर बत्तीस वर्षं मला कोणी उठवलं नव्हतं. रांग दारापर्यंत जावो, खुर्ची माझी होती. दुपारी 'काउंटर बंद आहे'ची पाटी ठेवली की तिच्यामागे तुझा खिम्याचा डबा आणि माझा झुणक्याचा डबा उघडायचा, आणि साक्षात कलेक्टर आले असते तरी आपण मान वर केली नसती. निरोप देताना लोकांनी घड्याळ दिलं, शाल दिली, नारळ दिला. खुर्ची मात्र ठेवून घेतली.

म्हणून मी असा उद्योग शोधला, की ज्याच्या जवळ कोणी बसायला येणार नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. स्क्रोल सॉ नावाची मशीन. म्हणजे दोऱ्याएवढी बारीक करवत असते, ती उभी लावलेली, आणि विजेवर वर-खाली नाचत राहते. तिच्यासमोर बसायचं आणि प्लायची फळी हातानं फिरवायची, की हवी तशी नक्षी कापली जाते. आवाज, भुसा आणि बोट जाण्याची भीती, तिन्ही गोष्टी एकाच मशीनमध्ये. मला हिच्याहून चांगली शेजारीण कुठं मिळणार? त्या व्हिडिओतले गृहस्थ सारखं बजावत होते की नवशिक्यानं आधी लाकडाला हात लावू नये, आधी स्वतःची बैठक जमवावी. पाठ, खांदे, पाय, उजेड सगळं आरामात असेल तरच पातं सरळ जातं. ऐकून मला तूच आठवलीस. माझी बेरीज चुकली की तू बाजूच्या खुर्चीतून म्हणायचीस, "माया, पहले ढंग से बैठ."

मशीन आली, ती मी मागच्या सपरीत, त्या पत्र्याच्या पडवीत, टीपॉयवर ठेवली आणि बटण दाबलं. आपा, ती निघाली. टीपॉयसकट निघाली. दारात वाळत घातलेल्या कुरड्यांकडे थरथरत अशी चालत गेली, जशी मी तिला जेवायलाच बोलावलं होतं. मी मागून धरून ठेवतेय, ती मला ओढतेय. शेवटी वायर ताणून पिन निघाली, तेव्हा थांबली. धर्मपालराव दारातून म्हणाले, "माया, हे कापते का पयते?" मग वजन हवं म्हणून टीपॉयच्या खालच्या दांड्यांवर दगडी पाटा ठेवला. दांड्या मोडल्या. मग म्हटलं, घरात पाट्याहून वजनदार काय आहे? (ते तुला माहीत आहे.) धर्मपालरावांना एका जाड स्टुलाच्या कडेला बसवलं आणि दुसऱ्या कडेला मशीन सुरू केली. मशीन जागची हलली नाही, पण त्यांचा चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला, आणि "माया, बंद कर" एवढं म्हणायला त्यांना इतका वेळ लागला की तोवर माझी फळी दोनदा खाली पडली. शेवटी माझ्या आईच्या जुन्या शिलाई मशीनचा बिडाचा सांगाडा काढला. त्यावर जाड फळी, फळीवर जुन्या टायरचं रबर, रबरावर मशीन, आणि चारही कोपऱ्यांत नटबोल्ट आवळले. आता भूकंप आला तर आम्ही तिलाच धरून उभे राहू.

पुढचे काही दिवस फळी नुसती उड्या मारत होती. मी लाकडाला शिव्या दिल्या, प्लाय हलका पाठवला म्हणून तुझ्या मोईजलाही दिल्या (त्या परत घेते). मग कळलं की मी पातंच उलटं लावलं होतं. त्याचे दात खाली बघायला हवेत, माझे वर बघत होते. ते सरळ केलं तर माझे खांदे कानाला लागले, कारण मशीन उंच आणि मी ही अशी. भंगारवाल्याकडे आपल्या ऑफिसातल्यासारखी फिरती खुर्ची मिळाली, अगदी तस्सा करकर आवाज करणारी. ती वर केली, तर पाय लोंबकळायला लागले. तेव्हा मोर्शीच्या नणंदेकडून संत्री आली होती ती लाकडी पेटी पायाखाली घेतली. सांगाड्याच्या मागच्या पायांखाली दोन ठोकळे सरकवले, म्हणजे ती माझ्याकडे जराशी झुकली आणि मान वाकवायची गरज उरली नाही. वाकवता येणारा दिवा लावला. भुशासाठी उन्हातला स्कार्फ आणि गॉगल चढवला. (शेजारच्या सुंदराबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि मला बघून साखर न घेताच "चोर, चोर" करत परत गेल्या. साखर वाचली.)

एवढं सगळं जमलं, पण मेचं ऊन. घामानं फळी हातातून निसटायला लागली. म्हणून हॉलमधला कूलर ओढत सपरीत आणला आणि नवा वाळा लावला. आणि आपा, इथंच माझी अक्कल शेण खायला गेली. पहिल्यांदा कूलरचं तोंड चुकलं आणि सगळा भुसा उडून धर्मपालरावांच्या वरणात पडला. तो जिरं समजून खाल्ला त्यांनी. दुसऱ्यांदा तोंड बरोबर लागलं. मी खुर्चीत बसले. पाठ टेकलेली, पाय पेटीवर, मानेला ताण नाही, समोर उजेड, अंगावर वाळ्याचा गार वारा. मला वाटलं, आता पुन्हा बत्तीस वर्षं इथून हलायचं नाही. चहा टाकायला म्हणून आत गेले. कप घेऊन परत येते, तर माझ्या खुर्चीत धर्मपालराव. पाय पेटीवर. डोळे मिटलेले. मी म्हटलं, अहो, मशीन सुरू करायची आहे. डोळे न उघडता म्हणतात, "कर नं. मले काई तरास नाई."

उभ्यानं सुरू केली. ते घोरायला लागले. ज्या आवाजानं माणसं पळून जातील असा माझा हिशेब होता, त्या आवाजात त्यांना जास्त गाढ झोप लागते. दुसऱ्या दिवशी सुंदराबाई मिरच्यांची देठं खुडायला परात घेऊन आल्या, "माया बाई, इथं तं भल्लं गार आहे वं!" त्यांचे यजमान जानराव मोझरीच्या भजनी मंडळातले. नीट ताणलेलं पातं बोटानं छेडलं की तारेसारखं वाजतं, हे मी चुकून बोलून गेले. तेव्हापासून ते खंजिरी घेऊन येतात, पातं छेडतात आणि डोळे मिटून मान हलवतात. आता मागच्या सपरीत मंडळी बसतात आणि मी त्यांना चहा देते.

तरी मी एक गोष्ट कापलीच. सगळे जेवायला गेले की थोडी थोडी कापत गेले. पहिलीच वस्तू, आपा, आणि सांगू काय केली? 'काउंटर बंद आहे'. तीच पाटी, प्लायची. 'बं'वरचं टिंब दोनदा हरवलं, 'आहे' थोडा दारू प्यायल्यासारखा उभा आहे, पण लांबून वाचता येतो. ती सपरीच्या दारावर टांगली. धर्मपालरावांनी वाचली, "मस्त झाली वं" म्हणाले, आणि दार ढकलून आत जाऊन बसले. मला खूप वाईट वाटलं. राग नाही आला, वाईट वाटलं. बाहेरच्या रांगेला जे वाचता येत होतं, ते घरातल्या माणसाला येऊ नये?

असो. हे पत्र मी गव्हाच्या कोठीवर बसून लिहितेय. तीही आता थोड्या वेळात दळणासाठी उघडावी लागेल. मोईजला आशीर्वाद, तुझ्या गुडघ्यांना माझा मुजरा.

तुझी (कोठीवरून उठत असलेली)
माया

ता. क. खरं काम राहूनच गेलं. तू उत्तर लिहिशील ते धर्मपालराव माझ्याआधी फोडतील, कारण पोस्टातल्या बाईच्या घरी पत्र कोणीही फोडावं असा त्यांचा कायदा आहे. तर त्यात मोईजच्या नावानं दोन ओळी घाल, की प्लायचा बारीक भुसा केसांना फार वाईट, त्यानं टक्कल पडतं. बायकांना नाही, फक्त पुरुषांना, आणि तेही झोपेत. धर्मपालरावांचा जीव या वयातही केसांत आहे. मोईजला टक्कल आहेच, म्हणजे पुरावाही आयता झाला.

ता. क. दुसरा. अक्षर येगळं पाहून घाबरू नका आपा. मी धर्मपाल. माया पाकिटाले डिंक मागाले सुंदराबाईकडे गेली, अन् पत्र मशीनवर उघडं ठेवून गेली. मी खुर्चीतच होतो. पुरं वाचलं. केसाचं खोटं आहे हे मले समजलं. पन आपा, बसाले जागा नाई हे ते मले कधी बोल्ली नाई. मले वाटे, तिले उभ्यानंच बरं वाटते. वाचून लय कसंतरी झालं. उठलो मी. मोईजले म्हना, दुकानात एखादी जुनी खुर्ची असंन तं माह्यासाठी पाठव. तिच्या बाजूले टाकतो, म्हंजे तिले एकटं वाटनार नाई.

ता. क. तिसरा. आपा, डिंक घेऊन आले आणि वरचं वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. भुसा गेला म्हणून सांगितलं. पण खुर्ची मुळीच पाठवू नकोस! एकटं वाटावं म्हणून तर माझा हा सगळा आटापिटा. आत्ता मी माझ्या खुर्चीत बसून लिहितेय, पाय पेटीवर आहेत. धर्मपालराव पाटीपाशी, उंबऱ्याच्या पलीकडे उभे आहेत, पाऊल आत टाकलेलं नाही. मगाशी अदबीनं विचारलं, "मॅडम, काउंटर कधी उघडते?" म्हटलं, जेवणाच्या सुट्टीनंतर. त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "डबा एकटीच खाता का?" मला तुझा खिम्याचा डबा आठवला. त्या पाटीमागे आपले नेहमी दोन डबे असायचे.

तर पाठव खुर्ची. पण बिनहाताची, कडक, आणि माझ्या खुर्चीपेक्षा बुटकी. आणि केसांचं तेवढं तरीही लिहीच. खोटं आहे म्हणतात खरे, पण उंबऱ्यावर उभे आहेत तेव्हापासून त्यांचा हात डोक्यावरून खाली आलेला नाही.